चव्वेचाळीस वेढे

ज्याच्या दुकानाच्या पाटीवर 'मोटर' हा शब्द हातभर उंचीच्या अक्षरांत रंगवलाय, त्यानं रविवारच्या पेपरातली आरोग्याची पुरवणी वाचू नये. पण हे प्रसेनजीतला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी त्यानं ऐकलं नसतं. छापलेलं जे समोर येईल ते वाचायचं, ही सवय त्याला बापानं लावली होती. भज्याचा कागदसुद्धा तो तेल निपटून वाचायचा.

कोडोलीत वारणानगरच्या रस्त्याला त्याचं मोटर वायंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या, गिरणीतल्या जळालेल्या मोटरी लोक आणून टाकायचे आणि तो आतली जळकी तार उपसून नवी भरून द्यायचा. बाप ज्ञानू यानं छप्पन्न साली धर्म बदलला, त्यानंतर तीन वर्षांनी झालेल्या या पोराला त्यानं हौसेनं बुद्धाच्या काळातल्या एका राजाचं नाव दिलं. कोडोलीच्या जिभेनं त्या राजाचा महिन्याभरात परसू केला. पाटीवर प्रसेनजीत, आयटीआयच्या सर्टिफिकेटवर प्रसेनजीत, आणि दारात आलेलं गिऱ्हाईक विचारणार, परसू मिस्त्री हाईत का?

दोन हजार तीन सालच्या जानेवारीतली गोष्ट. सकाळच्या उन्हात तो कॉइल बांधत बसला होता, आणि उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधलं मांस आपोआप लवायला लागलं. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. कातडीखाली बेडकाचं पिल्लू अडकावं तसं टुक टुक उडत होतं. तो कौतुकानं बघत राहिला. समोर केरबा बसला होता, त्यानंही मान वाकडी करून बघितलं.

केरबाची ओळख आत्ताच करून दिलेली बरी. त्याची पाच हॉर्सपॉवरची मोटर म्हणजे गावातली सगळ्यात धडधाकट मोटर, आणि दुकानात सगळ्यात जास्त वेळा आलेलीही तीच. दर महिन्या-दीड महिन्याला तो ती छकड्यात घालून आणायचा आणि म्हणायचा, आवाज येतोय. प्रसेनजीत आतली तार कुठं तुटलीय का ते दाखवणारा सिरीजचा दिवा लावून बघायचा, हातानं शाफ्ट फिरवून बघायचा, आणि एवढंच बोलायचा, "बरी हाय. ने." आत काय बघितलं, काय भरलं, ते कधी सांगायचा नाही. केरबाचं समाधान व्हायचं नाही. तो घरी जाऊन स्वतःच पाना लावून झाकण उघडायचा. शेवटी एकदा प्रसेनजीतनं त्याला समोर बसवून सांगितलं होतं, "केरबा, चालत्या मोटरीला हात लावायचा न्हाय. मिरगाच्या आदी एकदा आन, मी बघतो. तू दर बारीला उघडतोस, दर बारीला एक नट ढिला हुतोय."

तर त्या दिवशी केरबा लवणाऱ्या हाताकडं बघून म्हणाला, "उजवा हाय मिस्त्री. गड्याचा उजवा लवला की लाभ हाय."

प्रसेनजीत हसला. त्याच्या घरात शकुनाला जागा नव्हती. मांजर आडवं गेलं तर ज्ञानू त्या मांजराला भाकरीचा तुकडा टाकायचा. म्हातारीचा डोळा लवला आणि ती काही बोलायला लागली, की तो म्हणायचा, कारणाशिवाय काय बी हुत न्हाय, कारण हुडका. हे वाक्य प्रसेनजीतनं शाळेतल्या पाढ्यांच्या आधी पाठ केलं होतं. त्याचा धंदाही त्याच वाक्यावर उभा होता. मोटर गुणगुणते तेव्हा आत कुठंतरी काहीतरी झालेलं असतं. हुडकलं की सापडतं.

आता गोम इथंच होती. केरबाचा हात लवला असता तर लाभ म्हणून प्रकरण तिथंच मिटलं असतं. प्रसेनजीतला ती सोय नव्हती. शकुन नाही, तर मग कारण पाहिजे. आणि कारण दोन आठवड्यांनी रविवारच्या पुरवणीत छापून आलं.

लेखाचं नाव होतं 'मोटर न्यूरॉन डिसीज'. लिहिणाऱ्या डॉक्टरांनी त्या आजाराला एखादं जडसं संस्कृत नाव दिलं असतं, तर त्यानं पान उलटून क्रिकेट वाचलं असतं. पण मोटर हा शब्द त्यानं आपल्याच नावानं आलेल्या पत्रासारखा वाचला. हाताचं मांस लवतं. मग झडतं. मग बोटांतली वस्तू पडायला लागते, मग पाय, मग गिळणं. डोकं शेवटपर्यंत साफ राहतं. उपाय नाही. आतली तार जळत जाते आणि ही मोटर परत भरता येत नाही, असं लेखात कुठंही लिहिलेलं नव्हतं. ते त्यानं स्वतःच वाचलं.

संध्याकाळी त्यानं लेकीला, अक्षताला, सहज विचारल्यासारखं विचारलं, न्यूरॉन म्हणजे काय गं. ती वारणानगरला बारावी सायन्सला होती. बापानं अभ्यासातलं काही विचारलं म्हणून ती इतकी हरखली की वही काढून चित्र काढून दाखवलं. हे डोकं, ही लांब शेपटी, आणि शेपटीवर हे आवरण. "तुमच्या तारेवर एनॅमल असतं बघा पप्पा, तसंच. ते गेलं की शॉर्ट." बिचारीला वाटलं आपण किती सोपं करून सांगितलं. त्या रात्री प्रसेनजीतला झोप लागली नाही.

खरं तर याचं मूळ लेखाच्या आधीचं होतं. ज्ञानू दीड वर्ष लकव्यानं अंथरुणावर होता आणि मागच्याच पावसाळ्यात गेला. त्याला घास भरवायचं काम प्रसेनजीतनं दुसऱ्या कुणाला करू दिलं नव्हतं. भाकरी दुधात कुस्करायची, चमचा ओठाला लावायचा, गिळेपर्यंत थांबायचं. कधी कधी म्हातारा गिळायचा नाही, तोंडात घास धरून पोराकडं बघत राहायचा. ती नजर प्रसेनजीतनं कुणाला सांगितली नव्हती. मरायचं भय त्याला फारसं नव्हतं. आपली बायको आक्काताई चमचा धरून बसलीय आणि आपण तिच्याकडं असं बघतोय, याचं भय होतं.

मग तपासण्या सुरू झाल्या. सकाळी शर्टाची बटणं एका हातानं लावून बघायची. पक्कड दोन बोटांत धरून शंभर आकडे मोजायचे. दुकानाच्या मागं बाभळीखाली मोकळी जागा होती, तिथं दुपारी आधी चवड्यांवर आणि मग टाचांवर चालून बघायचं, कारण पाय आधी टाचेला दगा देतो असं त्यानं कुठंतरी वाचलं होतं. आणि सगळ्यात खात्रीची तपासणी म्हणजे व्हर्नियर. तारेची जाडी मोजायच्या त्या चिमट्यानं तो रोज अंगठ्याखालचं मांस मोजायचा, आधी उजवं, मग डावं. आकडे पंप कंपनीच्या कॅलेंडरवर बारीक अक्षरात लिहायचा. माणसाचं मांस म्हणजे तांब्याची तार नव्हे. जरा दाबलं की कमी भरतं, जेवण झालं की जास्त भरतं. पण कमी भरलं की त्याचा तो दिवस गेला. जास्त भरलं तर वाटायचं, आपणच ढिलं धरलं असणार.

कोडोलीच्या डॉक्टरनं कोल्हापूरच्या मेंदूच्या डॉक्टरकडं चिठ्ठी दिली. तार आणायला चाललोय असं घरात सांगून तो गेला. त्या डॉक्टरनं गुडघ्यावर हातोडी मारली, जीभ बाहेर काढायला लावली, आणि मग हातात, पायात सुया घालून त्या एका यंत्राला जोडल्या. हात आवळा म्हटल्यावर त्यानं हात आवळला, आणि यंत्रातून खर्रर्र असा भरघोस आवाज आला. हात सोडला, सगळं शांत. प्रसेनजीतला ते यंत्र फार आवडलं. सिरीजचा दिवाच की हा, फक्त माणसाला लावायचा. बावीस वर्षं मोटरी ऐकलेल्या कानानं त्यानं ओळखलं, वायंडिंग चांगलं आहे.

डॉक्टरही तेच म्हणाले. तो आजार नाही, दुसरा कुठला नाही. काही जणांचं मांस असं लवतं.

"मग कारण काय, साहेब?"

"कारण असं काही नाही. चहा जास्त होत असेल, झोप कमी, काळजी. लवू दे की. तुम्ही तिकडं बघू नका."

"पण कारणाशिवाय कसं लवंल?"

डॉक्टर हसले आणि त्यांनी घंटी वाजवून पुढचा पेशंट आत बोलावला.

परतीच्या एसटीत त्याला इतकं हलकं वाटलं की शेजारच्या अनोळखी पावण्याला त्यानं शेंगदाणे दिले. आक्काताईसाठी गजरा घेतला. लग्नाला वीस वर्षं झाली होती, गजरा शेवटचा कधी आणला हे दोघांनाही आठवत नव्हतं. तिनं तो केसांत घातला खरा, पण रात्रभर विचार करत राहिली.

हलकेपणा बारा दिवस टिकला. तेराव्या दिवशी डाव्या पायाची पोटरी लवली. सुया पोटरीत घातल्या होत्या खऱ्या, पण उजव्या. शिवाय त्या दिवशी आजार लहान असेल, यंत्राला दिसला नसेल. असं होतं. मोटर दुकानात आणली की गुमान चालते आणि विहिरीवर नेली की जळते. मग तो तार आणायला सांगलीला गेला. मग मिरजेला. सांगलीच्या डॉक्टरची खात्री नऊ दिवस पुरली, मिरजेच्याची चार.

आक्काताई कागलची. सातवी शिकलेली, बोलायला फटकळ आणि हाताला निगुतीची. तिनं शिवलेल्या वाकळेचा टाका उलट्या बाजूनंही सरळ दिसायचा. नवऱ्याचं काहीतरी बिनसलंय हे तिला फेब्रुवारीतच कळलं होतं. तारेसाठी सांगली-मिरज कशाला पालथी घालताय, कोल्हापुरातली संपली व्हय, असं तिनं एकदा विचारलं, तर तो नुसता हसला. तिनं मग विचारणं सोडलं आणि बघणं सुरू केलं. दुपारचा चहा बंद झालाय. गडी गप्प गप्प असतो. बाभळीखाली पायांकडं बघत, हळूहळू, एकेक पाऊल मोजून चालतो. हात मांडीवर ठेवून हाताकडंच बघत बसतो. आणि मार्चमध्ये तर त्यानं तिला दुकानात बोलावून घेतलं आणि वायंडिंग शिकवायला सुरुवात केली.

शिकवण्याचं कारण विचारलं तर म्हणाला, येत आसावं माणसाला.

पहिला धडा जळकी मोटर उघडण्याचा. कॉइल एका बाजूनं छिन्नीनं कापायची आणि तुटलेली तारेची टोकं मोजायची. जेवढी टोकं तेवढे वेढे. जुन्या मिस्त्रीनं काय भरलं होतं ते तिथं कळतं. जळालेली तार खोटं बोलत नाही, तो म्हणाला. मग फर्म्यावर नवी तार गुंडाळायची, मशीनचा आकड्यांचा काटा झिजलाय म्हणून तोंडानं मोजायचं. मग खाचेत कागद, कागदात तार, वरून बांबूची पाचर, आणि शेवटी दोरीनं बांधणी. आक्काताई महिन्याभरात बांधणी अशी करायला लागली की तिची कुठली आणि त्याची कुठली हे नवख्याला कळलं नसतं. त्याला मात्र कळायचं. तो गाठ मारताना दोरी दोनदा वळवायचा, ती एकदाच.

चहा सोडला, बोलणं सोडलं, धंदा बायकोच्या हवाली करायला काढला, पावलं मोजत चालतो. आणि मधेच एकदा निरोपाचा गजरा. आक्काताईनं सगळं जुळवलं. गडी चीवर घेणार. भंते होऊन जाणार.

ती कुणाशी बोलणार? पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर तिनं आडून आडून चौकशी केली, की संसारी माणसाला चीवर घ्यायचं झालं तर घरच्यांना विचारावं लागतं का. भंतेजींनी प्रेमानं विचारलं, तुमची इच्छा आहे का ताई? ती म्हणाली, माझी कशाला आसंल, माझ्यामागं म्हशी हाईत. आणि चप्पल शोधायला बाहेर पळाली.

मे महिन्यात केरबाची मोटर जळाली. या वेळी खरीच. लाईट कमी दाबानं येत होती, उसाला पाणी पाहिजे होतं, केरबानं तशीच चालवली. दुकानात आणली तेव्हा तिचा जळका वास रस्त्यापर्यंत आला. प्रसेनजीतनं ती दोन दिवसांत भरून दिली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ती छकड्यात परत आली. दोन तासांत पुन्हा जळाली होती.

केरबा दारात उभा राहिला. त्याचा चेहरा चोरी न करता पकडलेल्या माणसासारखा झाला होता. "मिस्त्री," तो म्हणाला, "ह्या बारीला मी उघडली न्हाय. पोरांची शपथ घेतो. पान्याला शिवलो न्हाय."

बावीस वर्षांत प्रसेनजीतनं भरलेली मोटर दोन तासांत कधी जळाली नव्हती. केरबाला त्यानं दुपारी ये म्हणून सांगितलं, आणि तो गेल्यावर स्टुलावर बसून स्वतःचा उजवा हात उलटापालटा करून बघायला लागला. आता व्हर्नियरची गरज नव्हती. हे सर्टिफिकेटच होतं.

आक्काताई भाकरी घेऊन आली तेव्हा तो तसाच बसलेला. मोटर मध्ये पडलेली. त्यानं वर न बघता सांगितलं की केरबाची मोटर कागलच्या मिस्त्रीकडं पाठवायची, आणि आजपासून मी तार धरणार नाही. दुकान तुझं.

तिला वाटलं, झालं, आजच चाललाय. पण रडायच्या आधी तिला मोटर दिसली, आणि तिच्या हातांना आता वळण पडलं होतं. तिनं भाकरीचं फडकं खिळ्याला अडकवलं, पदर खोचला, झाकण काढलं आणि छिन्नी घेतली. प्रसेनजीत बघत राहिला. ती एकेक कॉइल कापत गेली आणि टोकं मोजत गेली, ओठ हलवत, वाकळेचे टाके मोजावेत तशी. चव्वेचाळीस. चव्वेचाळीस. चव्वेचाळीस. मग एका जागी थांबली. पुन्हा मोजलं. टोकं बोटानं वेगळी करून तिसऱ्यांदा मोजलं.

"अडतीस," ती म्हणाली.

"काय?"

"हितं अडतीस वेढं हाईत. ह्याच्या शेजारच्यात बी अडतीस. मग पुढं परत चव्वेचाळीस." तिनं बांधणीवरून बोट फिरवलं. दोनदा वळवलेल्या गाठी एका ओळीत, शाळेतल्या कित्त्यासारख्या बसल्या होत्या. "हाताला काय बी झालं न्हाय. गाठी बगा की. खाचंत तार कशी बसलीय बगा. मोजण्यात चूक हाय. तुमी काय मोजत हुतासा?"

प्रसेनजीतला तो दिवस आठवला. कॉइल गुंडाळताना अंगठा लवायला लागला होता. किती वेळा लवतो बघू म्हणून त्यानं मोजलं होतं. सहा वेळा लवला होता. ते सहा त्यानं वेढ्यांत धरले. पुढच्या कॉइललाही तसंच झालं असणार. आणि मोटर भरून झाल्यावर तिन्ही फेजचा करंट सारखा येतोय का ते बघायचं असतं, ते त्यानं बघितलं नव्हतं, कारण टाचांवर चालून बघायची वेळ झाली होती.

"लवणं," तो म्हणाला.

मग त्यानं सगळं सांगितलं. पुरवणी, अक्षताचं चित्र, सुया, सांगली, मिरज. कॅलेंडर भिंतीवरून काढून आकडे दाखवले. ती खाली बसून ऐकत होती, आणि तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला, मग भलताच काहीतरी झाला.

"म्हंजे तुमी चीवर घेत न्हाय?"

आता वेड्यासारखं बघायची पाळी त्याची होती. तिनं तिचं सांगितलं. भंतेजींचा प्रश्न आणि म्हशींचं उत्तर ऐकून तो इतक्या महिन्यांत पहिल्यांदा पोटातून हसला. तीही हसली. आणि हसता हसताच तिला शिकवणीचा अर्थ लागला.

"आणि मला ही वायंडिंग शिकिवली ती... मागनं पोटाला मिळावं म्हणून?"

"व्हय."

"मी रांडमुंड झाल्यावर."

तो खाली बघायला लागला. रस्त्यावरून उसाचा रिकामा ट्रॅक्टर धडधडत गेला.

"काय हुतंय शेवटी त्या रोगात?" तिनं विचारलं.

"घास भरवाय लागतो. आबांवानी."

"मग भरवीन की. आबांना तुमी भरिवलासा तवा मी न्हवतो व्हय घरात? मला काय दिसलं न्हाय?" ती उठली आणि तिनं खिळ्याचं फडकं काढून त्याच्या मांडीवर सोडलं. "तो दिस यील तवा बगू. न्हायतर न्हाय बी यायचा. आज तुमच्या हातानं खायाची भाकर हाय, ती तरी हातानं खावा. चार महिनं झालं, पानावर बसून बी तुमी खात न्हाय, बोटं बगत बसता."

त्यानं फडक्याची गाठ सोडली. आत झुणका होता आणि कांदा. तो खायला लागला. तोंडात घास असताना त्याचे डोळे भरले, पण घास गिळायला काही अडचण आली नाही, हेही त्यानं नोंदवून ठेवलं. सवय अशी एका भाकरीनं जात नाही.

दुपारी केरबा आला तेव्हा चूक माझी आहे, तुझी नाही, असं प्रसेनजीतनं त्याला स्पष्ट सांगितलं. केरबाला त्याचा इतका आनंद झाला की मोटर जळाल्याचं दुःख तो विसरला. आपण नुसतं न उघडल्यानं एवढी अब्रू मिळते हे त्याला नवीन होतं.

मोटर पुन्हा भरायला लागणार होती, आणि ऊस वाळत होता. प्रसेनजीत फर्म्यासमोर बसला. आक्काताई पलीकडं खाचांचे कागद कापत बसली. तार ताणून त्यानं मशीनचा दांडा फिरवायला सुरुवात केली. पहिली कॉइल झाली, दुसरी झाली. तिसरीला अंगठा लवला. टुक. टुक. त्याची नजर तिकडं गेली आणि दांडा थांबला. आता किती झाले होते, त्याला सांगता येईना. एकोणतीस? तेहतीस? आतून जुना आवाज म्हणाला, मोज, किती वेळा लवतोय ते तरी मोज.

"एकतीस," आक्काताई म्हणाली. कात्री थांबली नव्हती आणि मानही वर झाली नव्हती.

त्यानं दांडा फिरवला. "बत्तीस," तो म्हणाला. अंगठा लवत होता. "तेहतीस." तीही पुटपुटत होती, एखाद्या जुन्या जात्यावर दोघांनी हात धरावा तसं. चव्वेचाळीसला दोघंही एकदम थांबले. त्यानं तार तोडली आणि पुढची लावली. त्या दिवशी तिन्ही फेजचा करंट त्यानं दोनदा बघितला. ती तपासणी केरबाच्या मोटरीची होती, स्वतःच्या हाताची नव्हे, म्हणून त्याला कुणी नावं ठेवू नयेत.

व्हर्नियर आक्काताईनं आपल्या ट्रंकेत नेऊन ठेवला. तारेसाठी लागला तर मागून न्यायचा आणि संध्याकाळी परत द्यायचा. हातासाठी फक्त मिरगाच्या आदी एकदा, आणि मोजणार ती. केरबाचा कायदा केरबाला लावता, तर तो घरात पण लागला पाहिजे, असं तिचं म्हणणं. त्यानं घासाघीस करून बघितली, महिन्याला एकदा तरी. ती म्हणाली, केरबा बी तसंच म्हणत हुता.

ते चार आठवडे सोपे गेले नाहीत. दोन वेळा तो बाभळीखाली टाचांवर चालताना सापडला. एकदा जीभ लवल्यासारखी वाटली म्हणून दाढीचा आरसा घेऊन उन्हात उभा राहिला होता, तर अक्षतानं विचारलं, पप्पा, दात दुखतोय का? एका पहाटे त्यानं आक्काताईला उठवून विचारलं की कारणच नसेल तर हे लवतं कसं. ती झोपेतच म्हणाली की कारण आसंल की, तुमाला सापडंना म्हणून नसतं व्हय? आणि कूस बदलून परत झोपली. तो मात्र त्यावर बराच वेळ जागा राहिला. बापाच्या वाक्यात एवढी एक खाच रिकामी होती हे त्याच्या कधी लक्षात आलं नव्हतं. कारण असतं, पण ते दर वेळी आपल्यालाच सापडेल असं ज्ञानूही कुठं म्हणाला होता?

जूनच्या पाच तारखेला केरबा ठरल्याप्रमाणं मोटर घेऊन आला. वर्षातनं एकदाच, कायद्यानं. प्रसेनजीतनं दिवा लावला, शाफ्ट फिरवला, कान लावला. "बरी हाय. ने."

केरबा गेला तशी आक्काताई पदराखालून व्हर्नियर काढून समोर बसली. प्रसेनजीतनं हात पुढं केला. हात गार होता. तिनं अंगठ्याखालचं मांस चिमट्यात धरलं, जरा पुढं-मागं केलं, डोळ्याजवळ नेऊन आकडा वाचला. मग दुसरा हात. कॅलेंडरकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

"किती भरलं?" त्यानं विचारलं.

तिनं व्हर्नियर मिटून पदराला पुसला. अंगठा लवत होता. तो दोघांनाही दिसत होता. तिनं त्याचा हात उचलून त्याच्याच मांडीवर नेऊन ठेवला, दुरुस्त झालेली वस्तू मालकाच्या स्वाधीन करावी तसा.

"बरा हाय," ती म्हणाली. "न्या."